चिनी नाण्यांतल्या चुका: ओताऱ्याच्या, टांकसाळीच्या आणि बाजाराच्या

जुन्या नाण्यांच्या बाजारात 'एरर' हा शब्द जोडला की साध्या नाण्याचीही किंमत चढते. चिनी नाण्यांच्या बाबतीत तर हे फारच सोपे आहे. अक्षरे वाकडी, भोक तिरके, एका बाजूची कड जाड आणि दुसरीकडची गायब, अशी नाणी तिथे शेकड्याने मिळतात. विकणारा 'दुर्मिळ चूक' असे लिहितो, घेणारा खूश होतो. पण एखाद्या नाण्याला चुकलेले म्हणायचे तर ते न चुकता कसे तयार होत होते हे आधी ठाऊक हवे. चीनमध्ये ती रीत दोन हजार वर्षे एक होती आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकदम दुसरी झाली. १८८९ पूर्वीचे चौकोनी भोकाचे नाणे ओतलेले असते. त्यानंतरच्या नाण्यांत यंत्राने छापलेल्यांचे प्रमाण वाढत जाते. ओतताना होणाऱ्या चुका छापताना होऊ शकत नाहीत आणि छापताना होणाऱ्या ओतताना. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बाजारातल्या निम्म्याअधिक 'अजब' नाण्यांचा निकाल तिथल्या तिथे लागतो.

ओतकामाचे सर्वांत स्पष्ट वर्णन सुंग यिंगशिंग याच्या १६३७ च्या 'थ्येनगोंग काय्-वू' या ग्रंथात आहे. लाकडी चौकटीत माती आणि कोळशाची बारीक चाळलेली पूड ठासून भरायची, तिच्यावर शंभर मातृनाणी, म्हणजे नमुन्याची नाणी, मांडायची, वरून तशीच दुसरी चौकट दाबायची, उलटवायची, मातृनाणी काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. मातृनाणी कथिलात कोरलेली असत असे तो सांगतो. चौकट उघडल्यावर फांद्यांना लगडलेल्या फळांसारखी नाणी निघत. ती तोडायची, शेकडो नाणी एका काठीत ओवायची आणि कडा कानसीने घासायच्या. मधले भोक चौकोनी असण्याचा एक मोठा फायदा इथे मिळे: चौकोनी दांडीवर नाणी गोल फिरत नाहीत, त्यामुळे घासताना पक्की बसतात.

या प्रत्येक पायरीवर काय बिघडू शकते ते मनाशी मांडून पाहावे. दोन चौकटी एकमेकींवर नेमक्या बसल्या नाहीत, तर दर्शनी बाजू एकीकडे आणि मागची बाजू दुसरीकडे सरकते. अशा नाण्याच्या एका बाजूला कड जाड दिसते, तर उलटून पाहिल्यावर ती विरुद्ध दिशेला जाड असते. मातृनाणे काढताना हलले आणि पुन्हा मातीत टेकले, तर अक्षरांची दुसरी रेघ उमटते. रस थंड पडला, तर अक्षरे अर्धवट भरतात. हवा कोंडली, तर खड्डे पडतात. आणि कारागिराने दोन्ही चौकटींत दर्शनी बाजूच उमटवली, तर दोन्हीकडे तोच मजकूर असलेले नाणे निघते. चिनी संग्राहक याला 'हबेई' म्हणतात. या यादीतला खरा मौल्यवान माल हाच. बाकीचे बहुतेक रोजच्या कामातले उणेपण आहे.

'रोजच्या कामातले' असे मी का म्हणतो? सुंग राजघराण्याच्या काळात तांब्याची नाणी किती पडत, त्यात याचे उत्तर आहे. १०८० साली एका वर्षात ५० लाखांहून अधिक माळा ओतल्या गेल्या. एका माळेत नाममात्र हजार नाणी. म्हणजे वर्षाला पाच अब्जांहून अधिक. इतक्या मालात सरकलेल्या चौकटीची नाणी लाखोंनी असणार, आणि ती आहेतच. त्यांतले एखादे खिशात घालावे, अभ्यासाला उपयोगी पडते. पण त्यासाठी सरळ नाण्याच्या दहापट पैसे मोजणे मला हौशेपेक्षा भोळेपणाचे वाटते.

भोकाच्या आकाराचा मुद्दा थोडा वेगळा आहे. थांग आणि सुंग काळातल्या काही नाण्यांचे भोक चौकोनी नसून आठ टोकांच्या चांदणीसारखे किंवा फुलासारखे असते. चिनी भाषेत त्याला 'हुआछुआन', म्हणजे फुलभोक, म्हणतात. दोन चौकोन एकमेकांत ४५ अंशांनी फिरवून ठेवले तर जसे दिसेल तसे. दांडीवर ओवताना किंवा भोकातला जास्तीचा धातू काढताना छिन्नी फिरली, हे एक स्पष्टीकरण. मुद्दाम केलेली खूण, हे दुसरे. मला पहिले अधिक पटते, कारण टोके क्वचितच सारखी असतात आणि धातू कापल्याच्या खुणा भोकाच्या आतल्या भिंतीवर दिसतात. मात्र एक पथ्य पाळायलाच हवे. भोकाच्या भिंतीचा रंग आणि नाण्याच्या बाकीच्या अंगाचा रंग एकच असला पाहिजे. भोक पिवळे लखलखीत आणि अंग हिरवे-काळे असेल, तर ते फूल कालपरवा कोणीतरी कानसीने उमलवले आहे.

आणखी एक गोष्ट ओतकामातूनच निघते. खासगी नाणेपाडू सरकारी मातृनाणे कोठून आणणार? तो चलनातले नाणेच मातीत दाबतो. धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल मूळ नाण्याहून किंचित लहान निघते. त्या नकलेची नक्कल आणखी लहान, अक्षरे आणखी उथळ. बारकुड्या, पातळ, पुसट अक्षरांच्या नाण्यांना 'चुकलेले' म्हणून विकतात तेव्हा बहुधा हे घडलेले असते. जपानमध्ये नागासाकी येथे १६५९ ते १६८५ या काळात परदेशी व्यापारासाठी नाणी पाडली गेली. त्यांवर सुंग काळातला 'युआनफंग थोंगबाओ' हाच मजकूर होता. मूळ युआनफंग कारकीर्द १०७८ ते १०८५. मजकूर अकराव्या शतकाचा आणि नाणे सतराव्या शतकाचे, तरी यात कोणाचीच चूक नाही. अक्षरांची ठेवण, कडेची रुंदी आणि धातूचा पोत मूळ नाण्याशी ताडला की फरक उघड होतो.

ओताऱ्याने मुद्दाम केलेली गोष्ट चूक म्हणून खपण्याची अशी उदाहरणे चिनी नाण्यांत फार. ६२१ साली थांग सम्राट गाओत्सू याने 'काययुआन थोंगबाओ' सुरू केले. मजकूर ओयांग शुन या सुलेखनकाराचा. यांतल्या अनेक नाण्यांच्या मागे चंद्रकोरीसारखी उठावदार रेघ असते. आख्यायिका अशी, की मेणाचा नमुना दरबारात दाखवला गेला तेव्हा सम्राज्ञीचे नख त्याला लागले आणि उमटलेली खूण पुसायची कोणाची छाती झाली नाही. ही सम्राज्ञी कोणाच्या मते वन्द, तर कोणाच्या मते यांग ग्वेफेई. यांग ग्वेफेई तर नाणे सुरू झाल्यानंतर शतकभराने आली! या चंद्रकोरी वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा वेगवेगळ्या जागी सापडतात. एका नखाला इतके फिरणे जमले नसते. टांकसाळ किंवा ओतीची तुकडी ओळखण्याच्या या खुणा असाव्यात, हे स्पष्टीकरण सरळ आहे.

उत्तर सुंग काळात एकच मजकूर मोडी वळणाच्या लिपीत, ठाशीव लिपीत आणि प्राचीन मुद्रालिपीत असा जोडीने काढत. नवख्याला वाटते, दोन नाण्यांची अक्षरे जुळत नाहीत म्हणजे एक खोटे. खरे तर ती जोडी आहे. त्याहून फसवे उदाहरण शिनजियांगचे. छियनलुंग सम्राटाची कारकीर्द १७९५ साली संपली, तरी त्याच्या नावाची तांबडी नाणी तिथे पुढेही पडत राहिली. त्याने हा प्रदेश जिंकला, त्याची आठवण म्हणून नव्या नाण्यांचा पाचवा हिस्सा त्याच्याच नावाने पाडावा असा नियम होता. मागच्या बाजूला नंतरच्या काळातली खूण आणि पुढे छियनलुंगचे नाव, असे नाणे हाती आले की 'दोन वेगळ्या साच्यांची गल्लत' अशी चिठ्ठी लावायचा मोह होतो. ती गल्लत नाही, आज्ञापालन आहे.

खरी गल्लत पाहायची तर हान काळातल्या 'वू-झू' नाण्यांकडे जावे. इ.स.पू. ११८ मध्ये सुरू झालेले हे नाणे सातशे वर्षांहून अधिक चालले. उजवीकडे 'वू', डावीकडे 'झू' असा त्याचा क्रम. काही नाण्यांवर मात्र तो उलटा असतो. साचा कोरणाऱ्याने अक्षरे आरशातल्यासारखी उलटी कोरायला हवी होती, त्याने सुलटी कोरली, म्हणून नाण्यावर जागा बदलल्या. 'छुआनशिंग' म्हणून हा प्रकार ओळखला जातो आणि तो साच्याचा दोष असल्याने त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर आहे. याच नाण्यांचा आणखी एक प्रकार चूक म्हणून दाखवला जातो: मधला भाग कापून काढलेली कडी आणि कड कापलेली चकती. ती ओताऱ्याची करणी नव्हे. एका नाण्याची दोन करून धातू वाचवण्याचा तो उद्योग होता आणि टंचाईच्या काळात तो राजरोस चाले.

आता यंत्राकडे. ग्वांगडोंग आणि ग्वांगशी प्रांतांचा व्हाइसरॉय झांग झिडोंग याने बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून यंत्रे मागवली आणि १८८९ मध्ये ग्वांगजोऊची टांकसाळ चालू झाली. पहिल्यांदा तिथे चौकोनी भोकाचीच नाणी छापली गेली. पितळेची चकती, पोलादी ठसे. आता चुका बदलल्या. चकती ठशाखाली नीट बसली नाही, तर मजकूर सरकतो आणि कडेला कोरी जागा राहते. नाणे निसटले नाही, तर दुसऱ्यांदा छापले जाते. मध्ये चकतीच आली नाही, तर दोन ठसे एकमेकांवर आपटतात आणि पुढच्या नाण्यांवर समोरच्या बाजूची पुसट, उलटी सावली येऊ लागते. ठसा तडकला, तर नाण्यावर उंचवट्याची रेघ येते. भोक आधी पाडलेले असल्याने ते मजकुराच्या मध्यावर येईलच असे नाही.

यंत्राच्या नाण्यांवरची सर्वांत गाजलेली 'चूक' इंग्रजी मजकुराची आहे. चिलीन प्रांताच्या चांदीच्या नाण्यांवर वजनाचे माप असलेला 'कँडरीन' हा शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी चुकवला आहे. सिचुआनच्या नाण्यांवर 'प्रॉव्हिन्स' मधल्या 'व्ही' च्या जागी उलटा 'ए' ठोकलेला सापडतो. ठसा कोरणाऱ्याला इंग्रजी येत नव्हते, समोरचा नमुना तो चित्रासारखा उतरवत होता. पण अशी नाणी एकेकटी चुकलेली नसतात. तो ठसा जितकी नाणी छापतो तितक्यांवर तीच चूक असते, म्हणून त्यांना ठशाचे प्रकार म्हणावे आणि एकट्या नाण्यावर झालेल्या अपघातापासून वेगळे ठेवावे. पहिल्याची किंमत तो ठसा किती टिकला यावर ठरते. दुसऱ्याची, बघणाऱ्याच्या हौशीवर.

मग येते ते या विषयाचे खरे वैभव: जुन्या नाण्यावर नवा ठसा. मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. खालचा नहपान अनेक नाण्यांवर अजून डोकावतो. तिथे हेतू राजकीय होता: हरलेल्याचे नाणे जिंकणाऱ्याच्या नावे चालवणे. चीनमधला हेतू बहुतेक वेळा निव्वळ व्यापारी आहे.

१९०० साली ग्वांगडोंगने तांब्याचे १० कॅशचे, म्हणजे चौकोनी भोकाच्या दहा साध्या नाण्यांच्या किमतीचे, नाणे काढले. व्यास सुमारे २८ मिलिमीटर, वजन सात ग्रॅमच्या आसपास. धातूच्या किमतीपेक्षा दर्शनी किंमत जास्त, म्हणजे छापणाऱ्याला नफा. काही वर्षांत प्रांतामागून प्रांताने यंत्रे आणली आणि १० कॅशचा पूर आला. बीजिंगने १९०५-०६ मध्ये लगाम घालायचा प्रयत्न केला, तो फारसा जमला नाही. इतक्या छपाईला चकत्या लागतात, आणि चकती तयार करणे म्हणजे तांबे वितळवणे, पत्रा लाटणे, गोल कापणे, कड उचलणे. तयार गोल तुकडा स्वस्तात मिळाला तर हे सगळे वाचते. शेजारच्या कोरियाचे ५ फूनचे तांब्याचे नाणे, १८९२ पासून छापलेले, व्यासाने आणि वजनाने १० कॅशच्या अगदी जवळचे होते. १९०५ नंतर जपानच्या वर्चस्वाखाली कोरियाच्या चलनाची नवी बांधणी झाली, तेव्हा जुन्या तांब्याला घरी मान राहिला नाही. जेजियांगसह अनेक चिनी प्रांतांच्या १० कॅश नाण्यांखाली आज ५ फून सापडते, ते या हिशेबामुळे. कोरियाचे दोन ड्रॅगन खाली, चीनचा एक वर.

हे ओळखायचे कसे? भिंगाआधी प्रकाश. दिवा एका बाजूने, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर धरावा आणि नाणे सावकाश फिरवावे. ठसा सर्वांत कमी दाब देतो ती जागा शोधावी: सपाट मैदान, कडेजवळचा पट्टा, आणि समोरच्या बाजूला जिथे खोल आकृती आहे त्याच्या बरोबर मागची जागा. जुनी आकृती तिथेच तग धरते. ५ फूनवर छापलेल्या नाण्यात कडेजवळ ठिपक्यांची दुसरी ओळ, रोमन अक्षरांचा एखादा उभा दांडा, किंवा जिथे चिनी ड्रॅगनचे अंग नाही तिथे खवले दिसतात. एक अवशेष पुरत नाही. दोन-तीन जागचे अवशेष एकाच जुन्या नाण्याच्या आकृतीशी, एकाच कोनात जुळले पाहिजेत. मोबाइलवर दोन्ही नाण्यांची छायाचित्रे घेऊन, एक अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर फिरवली की ही जुळणी घरबसल्या करता येते. पूर्वी यासाठी ट्रेसिंग पेपर लागे.

जवळच्या प्रकारांशी घोटाळा होतो तो इथे. दोनदा छापलेल्या नाण्यावर एकच आकृती दोनदा असते, परकी नसते. ठसे आपटल्याची सावली उलटी असते आणि ती समोरच्याच बाजूच्या मजकुराची असते. सराफांनी चांदीच्या डॉलरवर मारलेले छोटे शिक्के एका जागी खोल जातात, बाकीचे नाणे तसेच राहते. जुन्यावर नवे छापलेले नाणे या तिघांहून निराळे: खाली दुसऱ्याच नाण्याची सुलटी, चेपलेली आकृती, आणि ती अंगभर विखुरलेली. वजन आणि व्यास खालच्या नाण्याचे, मजकूर वरच्याचा. म्हणून वजनकाटा इथे भिंगाइतकाच बोलतो.

राजकारणातून झालेली अशी छपाईही चीनमध्ये आहे. १९३३ नंतर सिचुआन-शान्शी सीमेवर कम्युनिस्टांनी आपले सरकार उभे केले आणि विळा-हातोड्याची तांब्याची नाणी काढली. त्यांतली पुष्कळशी सिचुआनच्याच जुन्या नाण्यांवर छापलेली आहेत. यंत्रे तोकडी, तांबे दुर्मिळ, वेळ त्याहून कमी, त्यामुळे खालची आकृती ठळक राहिली. गंमत अशी, की ही नाणी बनावट करणारे बहुधा कोऱ्या गुळगुळीत चकतीवर छापतात. इथे स्वच्छ नाणे संशयास्पद आणि गबाळे विश्वासाचे.

या हकिगतीत मुंबईचाही एक धागा आहे. हाँगकाँग आणि चीनच्या व्यापारासाठी ब्रिटिशांनी १८९५ पासून जो 'ट्रेड डॉलर' काढला, तो मुख्यतः मुंबईच्या टांकसाळीत छापला गेला. ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या टोकावरचे इवलेसे 'बी' हे मुंबईचे चिन्ह. मागे चिनी आणि मलाय लिपींत 'एक डॉलर'. यातही 'चुका' विकल्या जातात: १९०८ च्या आठाखाली ३ दिसतो, १९०९ च्या नवाखाली ८. ते नाण्यावर नाणे नसून ठशावरच्या आकड्यावर आकडा आहे. मुंबईकरांनी जुना ठसा फेकून न देता साल दुरुस्त करून वापरला. काटकसर, अपघात नव्हे. किंमत द्यायची तर ठशाच्या प्रकाराची द्यावी. मुंबई-कोलकात्याच्या रुपयाचे चिनी भावंडही असेच पाहण्यासारखे आहे. तिबेटच्या सीमेवर व्हिक्टोरियाचा रुपया इतका चालू लागला, की सिचुआनने १९०२ च्या सुमारास त्याच्या धर्तीवर स्वतःचा रुपया काढला, राणीच्या जागी ग्वांगशू सम्राटाचा चेहरा घालून. मागच्या फुलाची पाकळी उभी की आडवी, यावरून त्याचे प्रकार पडतात. ती आडवी पाकळीही चूक म्हणून विकली गेलेली आहे.

बनावट 'चुकां'बद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल. दोन नाणी शिकंज्यात दाबली की एकाचा उलटा, खोल ठसा दुसऱ्यावर उमटतो. खऱ्या अपघातात धातू वाहून भरलेला असतो, दाबलेल्या नाण्यात तो फक्त चेपलेला असतो आणि मागची बाजू चपटी झालेली असते. ओतीव नाण्यावर असा खोल, उलटा ठसा दिसला तर प्रश्नच नाही: मातीच्या साच्यात तो सहज होत नाही. यंत्राच्या नाण्याची ओतून केलेली नक्कल बारीक बुडबुड्यांनी आणि कडेवरच्या जोडरेषेने पकडली जाते. क्ष-किरणांचे यंत्र धातूचे प्रमाण सांगते, पण ते वरच्या थराचे. गंज किंवा बाहेरून चढवलेला हिरवा लेप असेल तर आकडे दिशाभूल करतात, म्हणून त्या कागदावर आंधळा विश्वास ठेवू नये.

संदर्भ हवेत तर ओतीव नाण्यांसाठी डिंग फूबाओ यांचा १९३८ चा कोश आणि डेव्हिड हार्टिल यांचे २००५ चे पुस्तक, १० कॅशसाठी वुडवर्ड यांचे १९३६ चे पुस्तक, चांदीसाठी एडवर्ड कान यांची १९५४ ची सूची. या चौघांत जो प्रकार नोंदलेला आहे त्याला 'अज्ञात चूक' म्हणून पैसे मोजू नयेत, आणि जो नोंदलेला नाही त्यावर आधी संशय घ्यावा.

माझा कौल विचाराल तर असा. सरकलेल्या चौकटीची सुंग नाणी, फुलभोके आणि चुकीचे इंग्रजी स्पेलिंग ही संग्रहाची मौज आहे, त्यांवर मोठी रक्कम घालू नये. दोन्ही बाजूंना एकच मजकूर असलेले जुने ओतीव नाणे, धातू आणि गंज पारखून, जरूर घ्यावे. आणि झिजलेले, काळवंडलेले १० कॅश हाती आले, त्याच्या कडेला परक्या ठिपक्यांची ओळ दिसली, तर ते घासून-पुसून स्वच्छ करू नका. खालचे ५ फून त्या मळातच शिल्लक आहे.